पट्टीवरची नावं

अनिरुद्धला लबाडी करायची असली की त्याचा आवाज मऊ व्हायचा. कचेरीत कारकुनी करून ती खोड लागली असेल, नाहीतर उपजतच असेल. पोटचा पोर म्हणून वनमालाबाईंनी इतकी वर्षं तिकडं काणाडोळा केला होता. त्या दिवशीही तो असाच लोणी लावल्यागत म्हणाला, "आई, चहा इकडंच आण गं. जरा कम्प्युटर आवरतोय."

कम्प्युटर आवरतोय म्हणे! उभ्या जन्मात ह्या माणसानं स्वतःचा ओला टॉवेल कधी आवरला नव्हता. वनमालाबाई कप घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या आणि त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

रविवारी पाहुणे यायचे होते. धाकट्या शंतनूचं लग्न ठरत आलं होतं. तो पुण्याला नोकरीला, मुलगी धाराशिवची, भैरवी नावाची, बँकेत लागलेली. दोघांनी एकमेकांना बघून पसंत केलं होतं, आणि आता मुलीचे वडील गौरीशंकर घर बघायला तुळजापूरला येणार होते. घर बघायला म्हणजे नुसत्या भिंती बघायला नव्हे, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. पाहुणे देवघर बघतात, न्हाणीतला नळ सोडून बघतात, गल्लीत शिरताना पानवाल्याला चार प्रश्न विचारून घेतात. म्हणून अनिरुद्धनं भिंतीवर भलामोठा टीव्ही आणून लावला होता. कम्प्युटरची वायर त्याला जोडायची आणि शंतनूचा पुण्यातला फ्लॅट, स्वतःची नवी गाडी, भाऊंच्या निवृत्तीचा सत्कार, सगळं मोठ्ठं करून पाहुण्यांच्या डोळ्यांत भरवायचं, असा त्याचा बेत.

भाऊ म्हणजे वनमालाबाईंचे यजमान. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, आणि घरात काय, गावात काय, सगळ्यांचे भाऊच. कम्प्युटर मूळचा त्यांचा. नवा नवा शिकले तेव्हा हौसेनं त्यांनी तिन्ही लेकरांच्या नावाचे फोल्डर केले होते. कुठलाही फोल्डर उघडला की डाव्या हाताला नावांची एक पट्टी येते ना, तिथं ती तिन्ही नावं एकाखाली एक लावून ठेवली होती: अनिरुद्ध, जाई, शंतनू. वनमालाबाईंचा सगळा कम्प्युटर म्हणजे ती पट्टी. फोन भरला की त्यातले फोटो इकडं टाकायचे, एवढं शंतनूनं त्यांना दिवाळीत शिकवलं होतं, आणि ते त्या पट्टीवरूनच चालायचं.

अनिरुद्धनं 'जाई'वर बाण नेला, माउसचं उजवं बटण दाबलं, काहीतरी निवडलं. नाव गेलं. खालचा शंतनू वर सरकला आणि अनिरुद्धला चिकटला. मधे कुणी होतं असं वाटेचना.

"काय केलंस रे?"

"काही नाही."

"जाईचं काढून टाकलंस?"

"काढलं कुठं? अनपिन केलं. फोल्डर आहे तिथंच आहे, एक फोटो गेलेला नाही. नुसतं पट्टीवर दिसणार नाही." चहाचा भुरका मारून तो म्हणाला, "टीव्हीवर ही एवढी अक्षरं दिसतात, आई. पाहुण्यांसमोर उगं कशाला?"

वनमालाबाईंना शिसारी आली. नाव गेल्याची नव्हे, त्या बोलण्याची. काढलं कुठं, आहे तिथंच आहे, नुसतं दिसत नाही. हे असलं बोलणं त्या सात वर्षं ऐकत आल्या होत्या. जाईनं भूमजवळच्या ईट गावातल्या वैजनाथशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, तेव्हा भाऊ असंच म्हणाले होते: "आपण तिला तोडलं कुठं? नुसतं जाणं-येणं ठेवायचं नाही."

वैजनाथ सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. पोरगा सरळ, निर्व्यसनी. पण बाप मेंढरं राखायचा, एवढं ह्या घराला पुरलं. आरडाओरडा झाला असता, भांडी फेकली असती, तरी वनमालाबाईंना चाललं असतं. तसलं काही झालंच नाही. सभ्य माणसांचं घर ना! जेवताना तिचं नाव घ्यायचं बंद झालं. मग दिवाळीतल्या पाटांतला एक पाट कमी झाला. जाईला मुलगी झाली, समृद्धी, तेव्हा भाऊंनी पेपरमधून डोकं वर न काढता "बरं" म्हटलं. ती पोर आता पहिलीत जात होती. वनमालाबाईंनी तिला बघितलं होतं ते फोटोतच. भाऊ दुपारी लवंडले की त्या जाईला फोन करायच्या, जाई फोटो पाठवायची, आणि ईटला एकदा येऊन जाते म्हणता म्हणता वर्षं निघून गेली होती. भावाच्या लग्नाला मात्र जाईला बोलवायचंच, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. आता ती आली नाही तर पुन्हा ह्या उंबऱ्याला तिचा पाय लागायचा नाही, हे त्यांना कळत होतं.

"अहो, बघितलं का हा काय करतोय?" त्या कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या भाऊंकडं वळल्या.

भाऊंनी चष्मा पुसला. "पोरगं म्हणतंय ते बरोबर आहे. लग्न जमू दे. मग बघू."

मग बघू! वनमालाबाईंच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि नळाखाली चूळ भरून आल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ घोरायला लागले तशा त्या कम्प्युटरपुढं बसल्या. पट्टीवर नाव नव्हतं. मग एकेक डबी उघडून बघायला लागल्या. डी ड्राइव्ह, त्यात 'घरचे', त्यात 'जुने', त्यात भाऊंच्या पेन्शनचे कागद, कुणाच्या तरी मुंजीचे फोटो, आणि सगळ्यात तळाला जाई. सापडली! वनमालाबाईंनी मोठ्यानं श्वास सोडला. आत समृद्धी होती, पुढचा दात पडलेली, शेळीच्या करडाला काखेत धरून हसणारी. त्या बराच वेळ बघत बसल्या. वाट विसरायला नको म्हणून संध्याकाळी भाऊ फिरायला गेले तेव्हा पुन्हा उघडली. रविवारपर्यंत सकाळ-दुपार त्यांचं हेच चाललं. मायलेकींना ज्यांनी तळाला ढकललं त्यांच्या नाकावर टिच्चून रोज तिथवर जाऊन यायचं, ह्यात त्यांना थोडं समाधानही वाटत होतं, खोटं कशाला बोला.

रविवारी सकाळीच गौरीशंकर आले. सोबत बायको. भैरवी आली नव्हती, तशी रीतही नव्हती. गौरीशंकर अंगानं भरलेले, कपाळाला गंध, बोटांत अंगठ्या. त्यांनी देवघराला हात जोडले, नळ सोडून बघितला, गच्चीवर जाऊन टाकी बघितली. मग सोफ्यावर बसून शिरा खाल्ला आणि बोटं एकेक करून चाटली. वनमालाबाईंनी नजर दुसरीकडं वळवली.

"आता जरा फोटो दाखवतो," अनिरुद्ध मऊ आवाजात म्हणाला, आणि टीव्ही लागला.

फ्लॅट झाला. गाडी झाली. गाडीपुढं नारळ फोडणारा अनिरुद्ध चार वेळा झाला. मग भाऊंचा सत्कार काढायला म्हणून त्यानं फोल्डरची खिडकी उघडली, आणि भिंतीवर डाव्या हाताला ती पट्टी आली. अनिरुद्ध, शंतनू, सत्कार. आणि त्याखाली, ठसठशीत, जाई.

अनिरुद्धचा हात थबकला. भाऊंनी खाकरून घसा साफ केला. पाहुण्यांसाठी पुण्याहून आलेल्या शंतनूनं फोनमध्ये मान घातली.

"जाई कोण?" गौरीशंकरांच्या बायकोनं सहज विचारलं.

वनमालाबाई पाण्याचे पेले घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. बोला आता, त्या मनात म्हणाल्या. एवढं एक बोला.

"जाई ना?" भाऊ हसले. चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलेला तो माणूस पाहुण्यांकडं बघून हसला आणि म्हणाला, "माझी एक विद्यार्थिनी होती. हुशार होती हो."

होती! वनमालाबाईंना भडभडून आलं. रडू नव्हे, ओकारीच.

गौरीशंकरांनी भाऊंच्या मांडीवर थाप मारली. "भाऊ, आमच्यापुढं कशाला? आम्ही चौकशी करूनच आलोय. तुमची मुलगी ईटला गेलीय, कुणाच्या घरात गेलीय, सगळं कानावर आहे." भाऊंचा चेहरा पडला. पण गौरीशंकर दात कोरत पुढं म्हणाले, "अहो, घाबरू नका. उलट तुम्ही तो विषय नीट बाजूला ठेवलात, येणं नाही, जाणं नाही, म्हणून तर आम्ही आलो. नाहीतर ह्या गल्लीत पाय ठेवला नसता. मुलीचं घर कसं निर्मळ पाहिजे."

आणि मग काय झालं माहितेय? भाऊंचा जीव भांड्यात पडला. हायसं वाटून ते परत हसले. अनिरुद्धही हसला. शंतनूनं फोनमधून मान वर काढली, आणि तोही हसला. थोरल्या बहिणीच्या कडेवर वाढलेला पोरगा. तिच्या हातनं वरणभात खाल्लेला. तीन पुरुषांची ती हसरी तोंडं बघून वनमालाबाईंच्या अंगावर काटा आला.

"पण अनपिन केलं होतं मी," अनिरुद्ध पुटपुटला. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, तशी त्याला हुशारी दाखवायची हौस आली. "हां, कळलं. कुणी एखादा फोल्डर सारखा उघडला ना, की हे आपोआप त्याला पट्टीवर आणतं. न सांगता." त्यानं आईकडं एक नजर टाकली. "ते पण बंद करता येतं. हे बघा, इथं एक चौकोन आहे, त्यातली टिक काढली की झालं. मग कितीही उघडा, वर यायचं नाही."

टिक गेली. भिंतीवरनं जाई गेली.

"वा!" गौरीशंकर म्हणाले. "आमच्याकडं पण येऊन शिकवा एकदा. आमच्या पण एक-दोन गोष्टी बाजूला ठेवायच्यात." आणि सगळी मैफल खदखदून हसली.

वनमालाबाईंनी पेले टेबलावर आदळले. पाणी शिऱ्याच्या बशीत सांडलं.

"विद्यार्थिनी नाही ती," त्या म्हणाल्या. "माझी लेक आहे. मला तीन लेकरं झाली, तिन्ही जिवंत आहेत. तिला आमंत्रण गेल्याशिवाय ह्या घरात अक्षता पडायच्या नाहीत. पटत असलं तर जमवा. नसलं पटत तर शिरा खाल्लाय, पाणी प्या आणि निघा."

"आई, प्लीज," शंतनू म्हणाला.

"तू तर बोलूच नकोस! तुझी लाज वाटायला लागलीय मला."

"वनमाला!" भाऊंचा मुख्याध्यापकी आवाज चढला. "आत जा."

"आत नाही, बाहेर जाते. तुम्हा सगळ्यांची किळस आलीय मला. मी ईटला चाललेय लेकीकडं. गल्लीत कुणी विचारलं तर सांगा, विद्यार्थिनीकडं गेली म्हणून."

खुंटीवरची पिशवी घेतली, पायांत चपला सरकवल्या आणि त्या निघाल्या. मागून अनिरुद्धचा मऊ आवाज पाहुण्यांना सांगत होता, "बीपीचा त्रास आहे हो तिला." त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

तुळजापूरहून धाराशिव, धाराशिवहून भूम. गाडीत खिडकीशी बसून वनमालाबाईंचा राग तसाच उकळत होता. नुसते चेहरे आठवले तरी त्यांना थुंकावंसं वाटायचं. त्या बोटं चाटणाऱ्याचा, त्या मऊ बोलणाऱ्याचा, आणि 'होती' म्हणणाऱ्याचा तर सगळ्यात जास्त. पण वाशीचा फाटा गेला तशी छाती जरा हलकी झाली. आपण बोललो! सगळ्यांसमोर, एक अक्षर न गिळता बोललो! जाईला हे कसं सांगायचं, ती कशी गळ्यात पडेल, समृद्धी कशी कडेवर येईल, ह्याचं चित्र त्या रंगवत बसल्या. भूमच्या स्टँडवर त्यांनी नातीसाठी राजगिऱ्याचे लाडू घेतले आणि ईटची गाडी धरली.

ईटला उतरून विचारलं तर घर कुणीही दाखवलं. जनावरांच्या दवाखान्यातल्या वैजनाथचं घर गावाला ठाऊक होतं. पत्र्याचं, पण झाडून-सारवून स्वच्छ. ओसरीवर एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. वैजनाथची आई, हरणाबाई. त्यांचाही एक फोटो जाईनं कधीतरी पाठवला होता. आणि अंगणात करडाच्या मागं धावत होती समृद्धी. तोच पडलेला दात, तीच गालावरची खळी.

पोरगी थांबली. अनोळखी बाई दारात उभी बघून घरात पळाली आणि तांब्या भरून घेऊन आली. आल्या-गेल्याला आधी पाणी द्यावं, हे तिला कुणीतरी नीट शिकवलं होतं.

"घ्या," ती म्हणाली. "आई दळण आणाय गेलीय. यील आता. तुमी कोण?"

"मला ओळखलं नाहीस होय गं, समृद्धी?" वनमालाबाई खाली वाकल्या. "मी आजी तुझी."

समृद्धीनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. तिला गंमत वाटली असावी. "न्हाय," ती हसून म्हणाली. "माजी आज्जी ती हाय की." तिनं ओसरीकडं बोट केलं. "आमाला एकच आज्जी हाय. वर्गात समद्यांना दोन दोन हायत. आमाला एकच."

हरणाबाईंचे हात थांबले. त्यांनी नीट निरखून बघितलं, आणि काय ते त्यांना कळलं. "बसा," एवढंच म्हणून त्यांनी शेजारचं पोतं पुढं सरकवलं.

वनमालाबाई बसल्या नाहीत. तांब्या हातात तसाच राहिला. सकाळपासून ज्याला त्याला नावं ठेवत, तोंड वाकडं करत त्या इथवर आल्या होत्या, आणि आता नावं ठेवायला समोर कुणी नव्हतं. ह्या लेकराला आजी एकच आहे हे कुणी ठरवलं होतं? भाऊंनी? भाऊंनी काय त्यांना खुंट्याला बांधून ठेवलं होतं? तुळजापूरहून सकाळी निघालं तर दुपारी ईटला पोचता येतं, हे त्यांना आज कळलं होतं का? फोटो बघायचे, डोळे पुसायचे आणि भाऊ उठायच्या आत कम्प्युटर बंद करून चहा टाकायचा. सात वर्षं! त्यांना स्वतःची अशी किळस आली की हातातलं पाणीसुद्धा गिळवेना.

जाई आली. कमरेवर पिठाचा डबा, कपाळावर, भुवयांवर पीठ. आईला बघून ती जागच्या जागी उभी राहिली. धावली नाही, रडली नाही.

"एकटीच आलीस?"

"हो."

"भाऊंना न सांगता?"

"सांगून आले. सगळ्यांसमोर सांगून आले." वनमालाबाईंना पुढचं सगळं सांगायचं होतं, कसं सुनावलं ते, पण लेकीचा चेहरा बघून त्यातलं एक अक्षर बाहेर येईना. "जाई, मी चुकले गं," त्या कशाबशा म्हणाल्या.

जाईनं डबा खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. समृद्धी मधे येऊन तिच्या साडीला लोंबकळली.

"आई, ह्या बाई म्हणत्यात, मी तुजी आज्जी हाय. खरंय व्हय?"

जाईनं आईकडं बघितलं. मग तिची नजर आईच्या खांद्यावरून पलीकडं, भूमची गाडी परत फिरते त्या रस्त्याकडं गेली.

"शेवटची गाडी जाऊ दे," ती लेकीला म्हणाली. "मग सांगते."